रबरी माशासाठी तंगूस

दुकानदारानं काउंटरवर चार रिळं मांडली आणि विचारलं, "चाचा, मासा कोणता धरायचा आहे?"

"मासा राहू द्या बाजूला. टाकायचं काय आहे ते आधी विचारा," मी म्हणालो आणि पिशवीतून आमिषाचा रबरी मासा काढून त्याच्यापुढं ठेवला. वीतभर लांब, हिरव्या पाठीचा, पोटात शिसं आणि ओढला की शेपटी हलवणारा. त्यानं तो तळहातावर तोलून पाहिला. "बाप्पा, हा तर जड आहे!" म्हणाला.

जड आहे म्हणून तर ही सगळी पंचाईत. गांडूळ लावून गळ टाकायचा तर कोणताही तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, चालतो. पण एवढं ओझं दिवसभरात दोनशे वेळा फेकायचं म्हणजे बारीक तंगूस फेकतानाच तडकतो. मासा एकीकडे जातो, आपण रिकामी दांडी धरून उभे. बरं, जाड घ्यावा तर तो रिळावर नीट बसत नाही, गुंडाळी फुगते आणि मासा तलावाच्या मधात जायचा तर पायाशीच पडतो. आणि नायलॉन म्हटला की ताणला जाणारच. तिकडे मरळ मासळीनं तोंडात घेतलं तरी इकडे हाताला कळेपर्यंत ती थुंकून मोकळी. म्हणून विणलेला दोरा. आठ पदरांचा, बारीक, न ताणणारा. शेवाळातून, कमळाच्या देठांतून चिरत बाहेर येतो.

"जाणकार दिसता चाचा," दुकानदार म्हणाला.

जाणकार! मनात म्हटलं, बेटा, ही अक्कल लय महागात पडली आहे. खरं सांगायचं तर मासा बहाणा होता. मला माझा दोस्त परत तलावाच्या पाळीवर बसलेला पाहायचा होता, आणि तीन वर्षांपूर्वी त्याला तिथून मीच उठवलं होतं.

माझं यवतमाळात बॅटऱ्यांचं दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टर, ऑटो, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे चार्जिंगला येतात. या धंद्यातला माणूस ओळखायचा तर त्याची पँट पाहायची. ॲसिडचा थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही, पण पँट धुतली की तिथं भोक. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं की, तुमच्या दुकानात मी पाऊल ठेवणार नाही. त्याला कारणही होतं. एकदा डबा द्यायला आली, ओढणी दरवाज्यामागच्या खिळ्याला अडकवली, आणि घरी जाईपर्यंत तिची चाळणी झाली.

दोस्त बाभुळगावकडचा कास्तकार. कापूस, तूर, सोयाबीन. ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन पहिल्यांदा आला, तेव्हा मी तिच्यात पाणी भरत असताना त्यानं भिंतीला टेकवलेली माझी बांबूची गरी पाहिली. बॅटरीचं विचारायचं सोडून म्हणतो कसा, "उस्ताद, आमच्या पाझर तलावात मरळ आहे. मांडीएवढी. येता का?"

त्या शुक्रवारी गेलो, आणि मग वीस-बावीस वर्षं जातच राहिलो. शुक्रवारी माझं दुकान बंद. पहाटेची फजरची नमाज झाली की गाडीला किक मारायची, उन्हं अंगावर येईपर्यंत तलाव, आणि जुम्म्याच्या नमाजेला परत. मी घरून शामी कबाब न्यायचो. तो ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा आणायचा. तीन दगडांवर चहा व्हायचा, त्यात काडीकचरा पडायचा आणि दोघंही तो न काढता प्यायचो. देवाशप्पथ सांगतो, तसा चहा मला पुन्हा कुठं मिळाला नाही.

मी त्याला 'कास्तकार' म्हणायचो, तो मला 'उस्ताद'. मी बोलणारा, तो ऐकणारा. माझ्या नाकावर कायम राग. गळ अडकला तरी मी तलावाला शिव्या द्यायचो. तो पाण्याकडे पाहत शांत म्हणायचा, "तलावाले कायले बोलून राह्यला बे? त्याचं काय चुकलं?"

आमचा एक रिवाज होता. नवा तंगूस आला की आधी तो बाभळीवर तपासायचा. पोत्यात दगड भरायचे, कापूस वेचणीच्या काट्यावर त्याचं वजन करायचं, आणि तंगुसाच्या टोकाला बांधून ते फांदीला लटकवायचं. मग चहा. चहा होईपर्यंत पोतं लटकलेलं राहिलं तर तंगूस पास. नाही तर बकरीवाल्याला देऊन टाकायचा, तो त्यानं काटेरी कुंपण बांधायचा. आणि गाठ कायम तोच मारायचा. पाच वेढे, परत आतून, आणि ओढायच्या आधी गाठ ओठांत धरून ओली करायचा. कोरडी ओढली तर तंगूस घासून जळतो म्हणायचा. मी म्हणायचो, "शी, थुंकलेली गाठ!" तो म्हणायचा, "मरळ कुठं विचारते कोणाची थुंकी म्हणून?"

माझ्याकडून ती गाठ कधीच नीट जमली नाही. हात राकट, सवय नट-बोल्टांची. वीस वर्षं तो बांधून देणार आणि मी फेकणार, असंच चाललं.

रबरी मासा मीच मागवला होता. मोबाईलवर पाहिला आणि डोक्यात बसला. बेडूक लावला तरी मोठी मरळ हुलकावणी देत होती. तलावाच्या कोपऱ्यात कमळांखालून तिचं काळं डोकं वर यायचं आणि आम्ही दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे एकमेकांचा हात दाबायचो. मासा आला, दांडी आली. तंगूस माझ्याकडे होताच. चांगला जाड नायलॉन, मोठं रीळ, दोन वर्षांपासून दुकानात पडून. कुठं? चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या वरच्या फळीवर.

पाळीवर पोचलो तेव्हा दोस्त पोतं घेऊन तयारच होता.

"राहू दे बे," मी म्हणालो. "हा एवढा जाड आहे, याले कायले तपासतं? बकरं लटकव, तुटन नाही."

त्यानं तंगूस बोटांवर घेतला, वासही घेतला. "उस्ताद, ॲसिडचा वास येऊन राह्यला. बॅटऱ्यांवर काहून ठेवला?"

मी हसलो. आता विचार करतो तर ते हसणंच कानात वाजतं. "कास्तकार, तू कपाशीचं पाह्य. बॅटरीचा डबा कायचा असते? प्लॅस्टिकचा. वर्षानुवर्षं ॲसिड पोटात घेऊन बसते, त्याले काही होत नाही. तंगूस बी प्लॅस्टिकच. ॲसिड खाते ते सुताले. समजलं?"

पंचवीस वर्षं ॲसिडमध्ये हात घातलेल्या माणसापुढं तो काय बोलणार? पोतं त्यानं बाजूला ठेवलं. पाच वेढे दिले, गाठ ओठांत धरली, ओढली.

त्या दिवशी पाळीवर गावातले आणखी चार-पाच जण होते. नवीन रबरी मासा आला ही बातमी पसरली होती. मी आठ-दहा वेळा फेकला. अकराव्या की बाराव्या वेळी कमळांच्या कडेला पाणी फाटलं. मरळीनं असा ओढा घेतला की दांडी पाण्याला टेकली. पाळीवरची माणसं ओरडली. मी मागं रेललो, आणि पाठीवर आपटलो. हातात दांडी, पुढं काही नाही. कमळाची पानं थोडी हलली आणि थांबली.

मी उठलो तोच ओरडत. "सुटली! तुही गाठ सुटली!"

दोस्तानं तंगूस ओढून घेतला, टोक हातात धरलं, माझ्यापाशी आला. "उस्ताद, पाह्य. गाठ सुटली असती तर टोकाले वळ राह्यला असता. हे सरळ आहे. तंगूस तुटला."

मी टोक पाहिलंही नाही. हातातून हिसकून पाण्यात फेकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. आणि पुढं जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते.

त्याआधी चार वर्षं त्याचा एक बैल रात्रीत विहिरीत पडून मेला होता. दावं सुटलं आणि जनावर अंधारात गेलं. गावात त्यानं सांगितलं की दावं जुनं होतं, तुटलं. पण माझ्या दुकानात, बॅटऱ्यांच्या मागच्या बाकावर बसून तो लेकरासारखा रडला होता. म्हणाला होता, "उस्ताद, गाठ मीच मारलती. घाई होती. मले माहीत आहे, गाठच कच्ची राह्यली." ही गोष्ट त्यानं फक्त मला सांगितली होती. बायकोलाही नाही.

आणि मी, त्या चार-पाच गाववाल्यांसमोर, बोललो, "तुह्या गाठीचं मले कायले सांगतं बे? तुह्या गाठीनंच तुहा बैल इहिरीत गेला!"

दोस्तानं माझ्याकडे पाहिलं, मग पाळीवरच्या लोकांकडे. चहाचं भांडं उचललं, त्यातला चहा गवतावर ओतला, पोतं खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालायला लागला. मी मागून हाक मारली नाही. उलट मनात म्हटलं, खरं ते लागतंच.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो नाही. तो येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. मग शुक्रवारी करायचं काय, म्हणून दुकानाचं शटर अर्धं उघडून बसायला लागलो. बायको म्हणायची, "अहो, सुट्टीच्या दिवशी कायले जीव काढता त्या बॅटऱ्यांचा?" तिला काय सांगणार? एकदा त्याच्या गावचा एक जण बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्या दोस्ताला लकवा मारला, उजवा हात गेला, आता जरा बरा आहे. मी गाडी बाहेर काढली. दहा मिनिटं तिच्याजवळ उभा राहिलो. मग परत आत लावली. कारण मला अजूनही वाटत होतं की मी बरोबर आहे आणि आधी त्यानं यावं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर दोस्तच रिकामा गेला.

गेल्या एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की दुकानाच्या दारात चिमण्या चोच उघडून बसायच्या. बायकोनं मातीचं एक पसरट भांडं दिलं, पाणी भरून दारात टांगा म्हणाली. टांगायला मी तोच तंगूस काढला. वरच्या फळीवर रीळ तसंच पडलेलं होतं. हातभर कापला, भांड्याला बांधला, उचललं, आणि भांडं खाली पडून फुटलं.

म्हटलं, गाठ सुटली असेल. टोक पाहिलं. सरळ होतं. वळ नव्हता.

दुसरा तुकडा घेतला, दोन्ही हातांनी ओढला. तुटला. तिसरा. चौथा. वाळलेल्या शेवईसारखा मोडत होता. रीळभर तंगूस मी हातांनी तोडत बसलो. पायाशी तुकडे, फुटलेलं मडकं, पाणी. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. उंबऱ्याबाहेरूनच तिनं पाहिलं आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "मेरी ओढनी खा गया वो तेजाब, तुम्हारी डोर को छोडता क्या?"

मी बाकावर बसलो. त्याच बाकावर, जिथं तो बसून रडला होता. मग मीही रडलो. ओढणीची चाळणी झाल्यापासून पहिल्यांदाच बायको उंबरा ओलांडून आत आली आणि ओढणी सांभाळायचं विसरून माझ्याजवळ उभी राहिली.

नंतर एका केमिकलवाल्या गिऱ्हाइकाला विचारलं. तो म्हणाला, "उस्ताद, डब्याचं प्लॅस्टिक वेगळं, नायलॉन वेगळं. ॲसिडची वाफ नायलॉनला हळूहळू खाते." एवढंच. एवढी साधी गोष्ट, आणि ती विचारायला मला तीन वर्षं लागली.

म्हणून त्या चार रिळांच्या दुकानात गेलो होतो. विणलेला दोरा घेतला, घरी आणला, आणि दुकानात ठेवायचा नाही म्हणून बायकोच्या पिठाच्या डब्यावर ठेवला. पुढच्या शुक्रवारी फजर झाल्यावर गाडीला किक मारली.

तो अंगणात बाजेवर बसला होता. उजवा हात मांडीवर, बोटं अर्धी मिटलेली. वहिनी दारात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि सूप हातातच राहिलं.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. उभ्यानंच म्हणालो, "कास्तकार, तंगूस माहा कुजका होता. ॲसिडनं खाल्लता. गाठ तुही पक्की होती. आन बैलाचं जे बोललो, ते बोलाले माही जीभ झडाले पाह्यजे होती."

तो वहिनींकडे वळून म्हणाला, "ते कोनाड्यातलं आण व."

वहिनी आत गेल्या आणि एक रबरी मासा घेऊन आल्या. हिरवी पाठ पांढरी पडलेली, गळ गंजलेले, शेपटी कोणीतरी चावलेली. त्याच्या नाकाच्या कडीत गाठ होती. पाच वेढे, परत आतून. पुढं बोटभर तंगूस, टोक सरळ.

"पुढच्याच उन्हाळ्यात तलाव आटला," तो म्हणाला. "गाळात भेटला."

"म्हणजे दोन वर्षं तुह्यापाशी आहे?"

"हो."

"मंग काहून नाही आलास? आणून माह्या तोंडावर मारायचा होता!"

"आलतो," तो म्हणाला. "एकदा. दुकानासमोर उभा होतो, खिशात हा मासा घेऊन. तू एका ऑटोवाल्यावर भडकून राह्यला होता. तुले पाह्यलं आन वाटलं, हा माणूस हरला तर लय वाईट हरते. परत आलो."

मी बाजेवर बसलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि जोरात म्हणाल्या, "दोघंही मूर्ख! तीन वर्षं हे बसले भिंतीकडे पाहत."

पाळीवर आम्ही हळूहळू गेलो. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. तलावात पाणी थोडंच होतं, पण कमळं होती. मी नवा रबरी मासा काढला, नवा दोरा काढला आणि त्याच्यापुढं धरला. वीस वर्षांची सवय. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू मार," म्हणाला.

पहिली गाठ सुटली. दुसरीही. "पाच नाही, आठ वेढे दे," तो म्हणाला. "हा घसरते, नायलॉनसारखा नाही." तिसऱ्या वेळी मी एकेक वेढा मोजत दिला. आठ वेढे झाले, टोक आतून आलं, आता ओढणार तोच तो म्हणाला, "थांब बे." वाकला, माझ्या हातातली ती गाठ ओठांत धरून ओली केली, आणि म्हणाला, "आता ओढ."

पोत्यात दगड भरले, वजन केलं, फांदीला लटकवलं आणि चहा ठेवला. चहात काडी पडली. पोतं लटकलेलंच होतं. मासा काही लागला नाही, दोन तास फेकूनही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

जुम्म्याची वेळ होत आली म्हणून त्याला घरी सोडून मी निघालो, तेव्हा तो म्हणाला, "जाता जाता एक काम कर. एक गोऱ्हा आणला आहे, नवा. बैल मेल्यावर एवढी वर्षं ठेवला नव्हता. तुह्या वहिनीच्यानं तो आवरत नाही, आन माह्या हातानं दावं बांधनं होत नाही. शेजाऱ्याले रोज बलावा लागते." मग म्हणाला, "आज तू बांधून जा."

मी गोठ्याकडे पाहिलं. गोठ्याच्या पलीकडे ती विहीर होती, आता तिला कठडा बांधलेला होता. त्याला माहीत होतं मी कशी गाठ मारतो. वीस वर्षं माझी गाठ पाहून हसलेला माणूस.

"माह्या हातानं?"

"मंग कोनाच्या?"

गोऱ्हा पांढरा होता, धष्टपुष्ट, मला शिंग दाखवत होता. मी दावं घेतलं, खुंट्याला वेढे दिले, ओढून पाहिलं, परत सोडलं, परत बांधलं. तो दारात उभा राहून पाहत होता. मी चौथ्यांदा बांधलं तेव्हा हसून म्हणाला, "जाय आता, नमाज चुकन."

नमाज चुकली नाही, पण लक्ष कुठलं लागतं? दिवसभर कशातच मन लागलं नाही. झोपही धड लागली नाही. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, बैल.

दुसऱ्या दिवशी फजरच्या आधीच फोन वाजला. एका हातानं गाडीची किल्ली शोधत मी तो उचलला.

तो म्हणाला, "उस्ताद, बैल जाग्यावर आहे."